दाढेचं तिसरं मूळ



"डॉक्टर, नस काढली, कॅप बसवली, तरी दुखतंच. आता उपटूनच टाका." निर्मळच्या एक काकू माझ्या वसईच्या दवाखान्यात खुर्चीवर टेकता टेकता म्हणाल्या. उपचार दुसरीकडे झालेले. दाढ खालची, उजवीकडची, पहिली. मी ती उपटली नाही.

ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. एकही दुधाचा दात न पाडता, सगळ्यांच्या मागे उगवते, म्हणून घरोघरी तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडेल आपोआप" म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, आणि गेली तर दुसरी येत नाही. तिला सहसा दोन मुळं : एक पुढे, एक मागे. पुढच्या मुळात नसेच्या दोन नळ्या, मागच्यात एक, कधी दोन. रूट कॅनल करायचं म्हणजे या सगळ्या नळ्या शोधायच्या, साफ करायच्या आणि भरून बंद करायच्या. एक राहिली, की आतले जंतू तिथेच राहतात आणि मुळाच्या टोकाशी पू धरतो.

काही जणांच्या या दाढेला तिसरं मूळही असतं. मागे, जिभेच्या अंगाला, बारीक आणि बहुधा गालाच्या दिशेनं वाकलेलं. दंतवैद्य काराबेली यांच्या १८४४च्या ग्रंथात त्याची नोंद आहे. युरोपीय लोकांत ते शंभरात पाचांनाही नसतं. चिनी आणि इन्युइट लोकांत मात्र हा आकडा वीस-तीसपर्यंत जातो. आपल्याकडे ते विरळच. पण वसईला विरार लोकलमधून उतरणारी गर्दी डोळ्यांपुढे आणा. वाडवळ, कुपारी, आगरी, कोळी, आदिवासी, शिवाय उत्तर प्रदेशातून, नेपाळातून आलेली कुटुंबं. इथे दात तपासणाऱ्यानं "आपल्याकडे नसतं" म्हणून कसं चालेल?

सरळ घेतलेल्या एक्स-रेत हे मूळ मागच्या मुळाच्या सावलीत दडतं. काकूंचा जुना एक्स-रे तसाच होता. मी यंत्राची नळी थोडी तिरकी धरून दुसरा काढला आणि एका सावलीच्या दोन झाल्या. मग कॅप काढली, दाढेतलं भोक जिभेच्या बाजूला जरा वाढवलं, आणि अगदी कोपऱ्यात राहून गेलेल्या नळीचं सुईच्या टोकाएवढं तोंड सापडलं. उपटायला गेलो असतो, तर ते आकड्यासारखं मूळ मोडून हाडातच राहिलं असतं.

म्हणून रूट कॅनल करून घेतलेल्यांनी आपले एक्स-रे जपून ठेवावेत. दुखणं राहिलंच, तर दाढ काढायला सांगण्याआधी तिरका एक्स-रे मागावा. तो मागायला संकोच करू नये.

एका बाजूला तिसरं मूळ असलं, की पुष्कळदा दुसऱ्या बाजूलाही असतं. काकूंची डावी दाढ अजून चांगली आहे. तरी त्यांच्या कागदावर मी लाल शाईनं लिहून ठेवलंय : डावीकडेही पाहणे.