अवजार आणि अक्षर



संगणकाची आज्ञावली लिहून अक्षर घडवावे, चित्र काढावे आणि त्यासाठी लागणारे अवजारही आपले आपणच तयार करावे, या विषयावर मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने बोलावे याचे आपल्याला नवल वाटले असेल. मलाही संकोच होता. पण ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, ते वर्गातल्या प्रत्येक मुलाचा बोरू स्वतः तासून देत, असे काल सायलीत पोहोचल्यावर त्यांच्या एका विद्यार्थ्याने मला सांगितले, आणि विषय आपोआप हाती आला.

आधी माझी एक फजिती सांगते. कोकणच्या प्रादेशिक कादंबरीवरचा माझा प्रबंध नव्वदच्या दशकात पुस्तकरूपाने निघाला. संगणकावरची अक्षरजुळणी तेव्हा नवी होती. मुद्रिते आली तेव्हा ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ या शब्दांच्या जागी सर्वत्र ‘सह्याद्रीच्या दर्या’ छापलेले! मी दुरुस्त्या केल्या, त्या पुन्हा तशाच आल्या. शेवटी उत्तर मिळाले, “बाई, मशीनमध्ये ते अक्षर नाही.” पुस्तक तसेच निघाले. पुढे एका वाचकाने सह्याद्रीत समुद्र कधी शिरला, असे पत्राने विचारले.

‘दर्या’ म्हणताना ‘द’वर आघात येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही. हा भेद दाखवण्यासाठी मराठीने पापणीच्या केसासारखा वाकडा अर्धा ‘र’ जपला आहे. नेपाळीतही तो आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही. ज्यांनी ती आज्ञावली लिहिली, त्यांच्या कानाला हा भेद ठाऊक नसावा. मला राग त्यांचा आला नाही. ‘मशीनमध्ये नाही’ हे वाक्य मी विदुषी म्हणवणाऱ्या बाईने मुकाट ऐकून घेतले, याचा आला, आणि अजूनही येतो.

असेच मुद्रित १९७७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डोनाल्ड क्नूथ या गणिती संगणकतज्ज्ञापुढे आले होते. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची जुळणी पाहून ते इतके नाराज झाले की, हातातले लेखन बाजूला ठेवून त्यांनी स्वतःच जुळणीची आज्ञावली लिहायला घेतली. तिच्या जोडीला अक्षरे घडवणारी ‘मेटाफॉन्ट’ ही दुसरी व्यवस्था रचली. तिची कल्पना आपल्या बोरूशी फार जवळची आहे. अक्षराची बाह्यरेषा तिथे साठवलेली नसते. लेखणीचे टोक किती रुंद, ते कोणत्या कोनात धरलेले, ते कुठून निघून कोणत्या वळणाने जाते, हे सांगितलेले असते. एक आकडा बदलला की सगळी वर्णमाला जाड होते किंवा तिरपी होते. म्हणजे गुरुजी चाकूने जे करीत, तेच हे गृहस्थ आकड्यांनी करीत होते. देवनागरीच्या बोरूचा छाट रोमन लेखणीच्या सामान्यतः उलट दिशेचा असतो, हे मात्र यंत्राला कोणीतरी आपल्याकडच्याने सांगावे लागते.

ते सांगणारे निघाले. पीयूष घोष यांनी भारतीय लिप्यांच्या टंकरचनेवरचा अहवाल १९८३ साली स्टॅनफर्डमध्येच सिद्ध केला. पुढे फ्रान्स वेल्थुइस या डच माणसाने मेटाफॉन्टमध्ये देवनागरी घडवली. एका डच गृहस्थाने हे काम करावे आणि आपण मुद्रितांवर नुसत्या लाल रेघा मारीत बसावे, यातली बोच आपण ओळखालच.

पण आपला माणूसही होता. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे मराठीतले कवी. अक्षरांच्या मांडणीतूनच कविता घडवणारे, सुलेखनकार, जाहिरातक्षेत्रातले कलादिग्दर्शक. पवईच्या आयआयटीत त्यांनी शिकवले, जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातील संगणकतज्ज्ञांबरोबर काम केले, आणि तिथे अक्षररचनेसाठी ‘विन्यास’ हे अवजार तयार झाले. सुटा वर्ण नव्हे, तर संपूर्ण अक्षर, म्हणजे जोडाक्षर आणि मात्रा यांसह उच्चारले जाणारे एकक, हा त्यांच्या विचाराचा पाया होता. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांनीच रेखलेला. आपल्यापैकी अनेकांनी पहिले मराठी पत्र संगणकावर लिहिले ते त्यांच्या अक्षरात, कर्त्याचे नाव ठाऊक नसताना.

त्या पापणीच्या ‘र’चे पुढे काय झाले? युनिकोडच्या कोष्टकात ‘ऱ’ला स्वतंत्र घर मिळाले. द्राविडी भाषांमधला एक निराळा ‘र’ देवनागरीत लिहिता यावा म्हणून ते घर, आणि त्याच्याच अर्ध्या रूपात आमची पापणी. तमिळ शेजाऱ्यांचे हे ऋण मला गोड वाटते. ‘ॲ’ला मात्र २००८ पर्यंत थांबावे लागले. आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ यांना वेगळी घरे नाहीतच. हिंदीच्या ल-शचेच क्रमांक त्यांचेही. फॉन्ट रचणाऱ्याने दोन्ही रूपे घातली आणि मजकूर मराठी आहे असे यंत्राला सांगितले, तरच ती उमटतात.

आता आपल्या अंगणात येऊ. दादरा-नगरहवेलीत आणि शेजारच्या डहाणू-तलासरीकडे वारली चित्रे कोणाला नवीन नाहीत. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ही चित्रे वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांवर उभी असल्यामुळे संगणकाला फार सोपी, असे हल्ली म्हणतात. कलावंतांसाठी २००१ साली निघालेल्या ‘प्रोसेसिंग’सारख्या मोफत साधनात टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण काढायला मोजक्या ओळी पुरतात, हे खरे आहे. तेवढ्यावर थांबाल तर उशांच्या अभ्र्यांवर छापतात ती ‘वारली’ मिळेल. लग्नाच्या चौकात पालघट देवी असते आणि तो चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने लिहितात. हो, ‘लिहितात’. या शाळेत ज्यांच्या घरी चौक लिहिला जातो, अशा मुली आहेत. त्यांनी आजीजवळ बसून विचारावे, पहिली रेघ कोणती, हात कुठे उचलायचा, पीठ संपले की काडी कुठून पुन्हा टेकवायची. आपण शिरोरेघ बहुधा शेवटी देतो, तसा तिथेही काही क्रम असेल. तो क्रम आज्ञावलीत उतरवणारी मुलगी जे अवजार करील, ते बाजारात विकत मिळत नाही. आणि आजी म्हणाली, “हे यंत्रात घालू नको”, तर तेही ऐकावे.

काल त्या माजी विद्यार्थ्याने गुरुजींनी तासलेला एक बोरू आणून दाखवला. शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक मागवून आम्ही दोघांनी छाट मोजला. अडतीस अंश भरला. मी आकडा टिपून घेतला आहे, आणि संगणकवर्गाच्या शिक्षकांकडे तो देऊन जाणार आहे.