सरांच्या जागी कोरी फिल्म
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘तुझ्या छंदाविषयी पाच मिनिटं बोल,’ असं मला सांगितलं आहे. माझा छंद फिल्म कॅमेऱ्याचा. पण आधी एक कबुली द्यायची आहे, आणि ती तुमच्यासमोरच द्यायला हवी.

१९८८ साली आपल्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो मी काढला होता. मामांचा कॅमेरा, १०० एएसएचा कृष्णधवल रोल आणि माझा फाजील आत्मविश्वास! मागे चुन्याने रंगवलेली भिंत, आपण सगळे पांढऱ्या गणवेशात, भर उन्हात. गणिताचे सर तेवढे कडेला कडुनिंबाच्या सावलीत उभे राहिले. मी कॅमेऱ्यातला काटा मधोमध आणला आणि बटण दाबलं. फोटो आला तेव्हा तुमचे चेहरे काळवंडलेले होते आणि सर तर दिसतच नव्हते. तुम्ही माझं नाव ‘काळोखे’ ठेवलंत, ते आजही चालू आहे.

गेल्या वर्षी सर गेले. शोकसभेसाठी त्यांचा शाळेतला फोटो हवा होता, म्हणून दोघांचे फोन आले. निगेटिव्ह मी जपून ठेवलेली होती. स्कॅन करून पाहिली. सरांच्या जागी कोरी फिल्म होती.

चूक कुठे झाली? काटा खोटं बोलत नव्हता. कॅमेऱ्यातलं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. त्याला दिसली पांढरी भिंत आणि पांढरे सदरे. ‘प्रकाश फार झाला,’ असं समजून त्याने तो कमी करायला लावला, आणि मी मुकाट्याने ऐकलं.

आता हिशेब बघा. छिद्राचे आकडे ४, ५.६, ८, ११, १६ असे असतात. आकडा वाढेल तसं छिद्र लहान होतं आणि दर पायरीला प्रकाश निम्मा होतो. शटरचंही तसंच; १/१२५ वरून १/२५० वर गेलं की प्रकाश निम्मा. या एका पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. कडक उन्हात छिद्र १६ ठेवावं आणि शटर फिल्मच्या वेगाच्या आकड्याजवळचं, हा जुना ठोकताळा. म्हणजे १०० च्या फिल्मला १/१२५. काट्याने मला १/५०० वर नेलं. उन्हातल्या तुम्हाला हवा त्याच्या पाव प्रकाश मिळाला. सावलीत प्रकाश आणखी तीन स्टॉप तरी कमी, म्हणजे एक अष्टमांश. पाव गुणिले एक अष्टमांश: सरांच्या वाट्याला बत्तिसावा हिस्सा आला. हे गणित त्यांनीच शिकवलं होतं!

नव्याने फिल्म वापरणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. सुरुवातीला उजेड डोळ्यांनी ओळखायला शिका. सावल्या ठळक असतील तर १६, पुसट असतील तर ११ किंवा ८, झाडाखाली ५.६, सावली दाट असेल तर ४. मीटर वापरायचंच असेल तर माणूस ज्या उजेडात आहे त्याच उजेडात स्वतःचा तळहात धरा, त्यावर मीटर लावा आणि छिद्र एक स्टॉप मोठं करा; कारण तळहात करड्यापेक्षा उजळ असतो. प्रत्येक फोटोचे आकडे वहीत लिहा. रोल धुऊन येईपर्यंत आपण काय केलं होतं ते आठवत नाही.

आणि शंका आली तर निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त प्रकाश द्या. जास्त झाला तर निगेटिव्ह गडद होते, पण तिच्यातून चेहरा काढता येतो. कमी पडला तर तिथे काही नोंदलेलंच नसतं. मग कुठलंही यंत्र ते परत आणू शकत नाही. स्लाइडच्या फिल्मचं मात्र उलटं असतं, तिथे जास्त प्रकाशाने उजळ भाग कोरे होतात.

आज सकाळी तुम्हा सगळ्यांना दामटून त्याच कडुनिंबाखाली उभं केलं ते यासाठी. ‘उन्हात छान येईल की,’ असं बरेच जण म्हणत होते. पण सगळे एकाच उजेडात हवे होते. कोणी उन्हात, कोणी सावलीत असं या वेळी नको होतं. ४०० चा रोल, छिद्र ८, शटर १/१२५. दाट सावली धरली तरी पुरेल एवढा प्रकाश दिला आहे. शिवाय तोच फोटो दोनदा काढला, कारण कोणी तरी डोळे मिटतंच.

रोल अजून धुवायचा आहे. स्मरणिकेत तो फोटो दिसला तर समजा, जमलं. नाही दिसला, तर ‘काळोखे’ आहेच.