कारकून बाप आणि दिमोना

पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावं ऐकली की रायगड जिल्हा डोळ्यांपुढे येतो. पण अशा आडनावांची, घरात मराठी बोलणारी माणसं इस्रायलमधल्या दिमोना, बीरशेबा, लोद या गावांतही राहतात. ही बेने इस्रायल मंडळी, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवार पाळायचे, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पुढे ते शिकले, मुंबईत रेल्वेत, कस्टममध्ये, सरकारी कचेऱ्यांत लागले. १९४८ नंतर त्यांतले हजारो इस्रायलला गेले. त्यांच्यातल्या बापांविषयी मला बोलायचं आहे.

मुंबईतल्या कारकुनाला चाळीत मान असे. कुणाचा अर्ज लिहायचा, कुणाची तार वाचायची, लोक त्याच्याच दारी येत. वळणदार इंग्रजी अक्षर ही त्याची पुंजी. इस्रायलमध्ये तिला किंमत उरली नाही. तिथे हिब्रू हवी होती. प्रार्थनेपुरती ती कानावरची. पण कामाच्या चिठ्ठीवरची, दवाखान्यातली हिब्रू निराळी. नेगेवच्या वाळवंटातल्या नव्या वसाहतींत मिळेल ते काम धरावं लागलं. कुणी बांधकामावर गेलं, कुणी पुढे कापड गिरणीत. अंगमेहनत माणूस सोसतो. पण शाळेत भराभर हिब्रू शिकलेलं पोर कचेरीच्या खिडकीशी बापाच्या वतीने बोलतंय आणि बाप हातात कागद धरून मागे उभा आहे, हे सोसणं मला फार कठीण वाटतं.

१९५१ च्या सुमारास काहींनी धरणं धरलं, आम्हाला परत पाठवा म्हणाले. काही जण भारतात परतलेही, पण त्यांतले बरेच पुन्हा इस्रायलला गेले. त्यात भर म्हणून १९६२ मध्ये इस्रायलच्या ज्यू धर्मपीठाने फर्मान काढलं: बेने इस्रायलांनी इतर ज्यूंशी लग्न करायचं तर आधी मागच्या पिढ्यांची चौकशी होईल. नोकरीतला मान गेला होताच, आता मुलीच्या लग्नात बापाच्या कुळावरच संशय. तेव्हा मात्र ही माणसं गप्प बसली नाहीत. १९६४ मध्ये बायकामुलांसह जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली. संसदेला दखल घ्यावी लागली आणि धर्मपीठाला माघार.

त्या लढ्याची नोंद इतिहासात झाली. खिडकीशी मागे उभ्या राहिलेल्या बापाची फारशी झाली नाही. अलिबाग, पेण, ठाणे, मुंबईतल्या श्रोत्यांना माझी विनंती आहे: तुमच्या घरी त्या काळी इस्रायलहून आलेलं एखाद्या शेजाऱ्याचं मराठी पत्र असेल, तर ते रद्दीत घालू नका.