भुताची मागणी काय?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय सांगितला तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. कामगारांचे कायदे, ऊसतोडणीचे दर, फार तर सहकाराचा इतिहास, हे आमचे विषय. अलीकडचे परदेशी आणि स्वतंत्रपणे काढलेले भयपट पाहण्याच्या लायकीचे आहेत काय, हा प्रश्न एखाद्या प्राध्यापकाकडे न्यावयाचा. पण चालक म्हणाले, "गावातली पोरे रात्र रात्र मोबाईलवर हेच बघत बसतात. आणि तुम्हीही बघता असे आमच्या कानावर आहे." कोणी कानावर घातले ते आम्ही विचारले नाही. गोष्ट खरी आहे.

प्रथम 'स्वतंत्र' या शब्दाचा खुलासा करतो. ज्याच्या मागे मोठी कंपनी नाही, ज्यात बडा नट नाही, आणि ज्याचा कर्ता दहा ठिकाणी हात पसरून पैसा उभा करतो, तो स्वतंत्र चित्रपट. त्याला पैशाचा जाच असतो, पण काय सांगावे आणि काय सांगू नये हे ठरविणारा शेठ नसतो. शेठ नसला म्हणजे माणूस शहाणाच होतो असे मात्र नव्हे. या जातीतले निम्म्याहून अधिक चित्रपट आम्हांला टाकाऊ वाटले, हे आधीच सांगून टाकतो.

तुम्ही राहूचे लोक. तुमच्या गावाच्या नावाची व्युत्पत्ती विद्वान सांगतील ती खरी मानू; पण पुराणातला राहू आठवून पाहा. समुद्रमंथनाला दोर धरून देव आणि दानव दोघेही राबले. अमृत निघाले तेव्हा वाटपातून एका पक्षाला वगळण्यात आले. त्यातला एक जण वेष पालटून पंगतीत येऊन बसला आणि आपला वाटा प्याला. त्याबद्दल त्याचे शिर धडावेगळे झाले. पण घोट घशाखाली उतरला होता, म्हणून शिर मेले नाही. ते अजूनही सूर्यचंद्रांना गिळावयास धावते, कारण चुगली त्या दोघांनी केली होती. कीर्तनकार ही गोष्ट निराळ्या तऱ्हेने सांगतात, आणि त्यांचा अधिकार मोठा आहे. आम्हांला मात्र ती थकलेल्या मजुरीची गोष्ट वाटते.

१९८४ साली रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' आला. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. जत्रेतल्या टूरिंग टॉकीजच्या तंबूत, मातीवर बसून, सदऱ्याची बाही दातांत धरून तो पाहिला. त्यातल्या सामरी नावाच्या सैतानाचेही शिर एकीकडे आणि धड दुसरीकडे पुरून ठेवलेले असते. घरी जाताना ओढ्यापाशी आम्हांला सामरी दिसला होता, हे आजही शपथेवर सांगू. पण मोठेपणी तोच चित्रपट पुन्हा पाहिला आणि काहीच वाटले नाही. का बरे? सामरी मुळातला दुष्ट, आणि त्याला मारणारा राजा न्यायी, एवढाच हिशेब. सामरीला काय हवे आहे, त्याचे कोणाकडे काही येणे आहे काय, हे कोणी विचारीत नाही. गोष्ट सगळी राजाच्या बाजूने सांगितलेली.

येथे आमच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती आमच्या मोठेपणाची नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका साखर कारखान्यात रात्रपाळीला बगॅसच्या पट्ट्यात सापडून एक कंत्राटी मजूर गेला. कंत्राटदाराने सांगितले की तो त्या रात्री कामावर नव्हताच, उगाच आत शिरला होता. हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते. महिन्याभरात कामगारांत बोलवा झाली की मध्यरात्रीनंतर तो टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन उभा राहतो आणि विचारतो, "माझी हजेरी लागली का?" रात्रपाळीला माणसे येईनात. व्यवस्थापनाने शांत करविली, नारळ फोडला. आम्ही तेव्हा ऐन उमेदीत होतो, पुस्तके वाचून वाचून विज्ञाननिष्ठ झालो होतो. आम्ही गेटसभा घेतली. भूत ही कल्पना कशी खोटी आहे, मेंदूला कसे भास होतात, यावर तासभर बोललो. टाळ्याही पडल्या. सभा संपल्यावर एक वयस्क कामगार जवळ आले आणि हळूच म्हणाले, "अण्णा, भूत नसतं हे आम्हांलाबी कळतं. पण त्याची हजेरी लागली न्हाई, हे खरं का खोटं?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. त्या तासाभराच्या भाषणात आम्ही मेलेल्या माणसाचे नावसुद्धा घेतले नव्हते. ज्यांना अर्ज करता येत नव्हता, कंत्राटदाराच्या भीतीने साक्ष देता येत नव्हती, त्यांनी आपली साक्ष भुताच्या तोंडून दिली होती. आणि आम्ही, त्यांचेच पुढारी, तिची टर उडवून आलो होतो. पुढे १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याखाली प्रकरण चालले, तीन वर्षे गेली, तेव्हा बाईच्या हाती पैसे पडले. भूत गेले काय? नाही. तिथले लोक अजून त्याची गोष्ट सांगतात.

तेव्हापासून भयपट समोर आला की आम्ही एकच प्रश्न विचारतो: या भुताची मागणी काय आहे? मागणी असेल तर पाहतो. नसेल तर झोपतो.

ही कसोटी घेऊन आता परदेशात जाऊ. तेथेही प्रथम उसाच्या फडातच जावे लागते. कॅरिबियन समुद्रात हैती नावाचा देश आहे. फ्रेंचांनी आफ्रिकेतून माणसे धरून आणून तेथे साखरेसाठी गुलाम म्हणून राबविली. १७९१ साली त्या गुलामांनी बंड केले आणि १८०४ साली देश स्वतंत्र केला. आज पोरे ज्याला 'झोंबी' म्हणतात ते भूत या मातीतले. झोंबी माणसे खातात ही फार पुढची गोष्ट. ती १९६८ साली अमेरिकेतल्या जॉर्ज रोमेरोने आपल्या स्वस्तातल्या काळ्यापांढऱ्या चित्रपटाने रूढ केली. मूळ हैतीचा झोंबी कोणाला खात नाही. तो मेलेला मजूर आहे. मांत्रिकाने थडग्यातून उठवून त्याला पुन्हा कामाला जुंपलेले आहे. मेल्यावर तरी सुटका होईल ही गुलामाची शेवटची आशा. तीही खोटी ठरली तर? ते भय म्हणजे झोंबी.

१९३२ साली हॉलिवुडात 'व्हाइट झोंबी' हा चित्रपट निघाला. व्हिक्टर हॅल्परिन याने तो मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून काढला. म्हणजे हाही स्वतंत्रच. इंटरनेटवर तो फुकट पाहावयास मिळतो. त्यात साखरेच्या गिरणीचा एक प्रसंग आहे. मेलेले मजूर डोक्यावर उसाच्या टोपल्या घेऊन रांगेने चालले आहेत, खाली घाणा करकरतो आहे. एकाचा तोल जातो आणि तो यंत्रात पडतो. रांग थांबत नाही, कोणी वळून पाहत नाही, घाणा करकरतच राहतो. आणि मालक पाहुण्याला मोठ्या समाधानाने सांगतो की या कामगारांची कामाच्या तासांबद्दल कधी तक्रार नसते! आम्ही तो प्रसंग पाहिला आणि मोबाईल पालथा ठेवला. बगॅसचा पट्टा आठवला.

पण चित्रपट पुढे जातो तो त्या मजुरासाठी नव्हे. त्याच्या वाट्याला काही क्षण. बाकी सारा चित्रपट एका गोऱ्या नववधूला झोंबीपणातून सोडविण्यासाठी. अमेरिकेचे सैन्य तेव्हा हैती बळकावून बसले होते, १९१५ पासून १९३४ पर्यंत. त्या काळात दुसरे काय होणार!

आता सत्त्याऐंशी वर्षे पुढे या. २०१९ साली माती दिओप या बाईंनी 'अटलांटिक्स' काढला. हा त्यांचा पहिलाच मोठा कथापट. स्थळ आफ्रिकेतल्या सेनेगल देशाचे डाकार शहर. समुद्रकाठी एक उंचच उंच मनोरा बांधला जात आहे. त्यावरच्या पोरांना महिनोन् महिने पगार नाही. कंटाळून ती पोरे एका रात्री होडीत बसून स्पेनकडे निघतात आणि समुद्रात बुडतात. मग गावातल्या पोरींना ताप भरू लागतो. रात्री त्या उठतात, डोळे पांढरे झालेले, आणि अनवाणी चालत त्या बांधकामाच्या मालकाच्या बंगल्यावर जातात. मालक पाहतो तो दिवाणखान्यात पोरी बसलेल्या. पोरींच्या तोंडून बुडालेले कामगार बोलतात, आणि मागतात काय? थकलेला पगार! रक्त नाही, किंकाळी नाही, दार करकरत नाही. मालक शेवटी पैसे देतो. पण एवढ्याने भागत नाही. ज्यांना माती मिळाली नाही त्यांच्यासाठी त्याने स्वतःच्या हाताने खड्डे खणावयाचे आहेत.

आम्ही तीस वर्षांत कित्येक मालकांच्या दिवाणखान्यात बसलो आहोत. इतकी शांत आणि इतकी धारदार वाटाघाट आम्हांला साधलेली नाही. कान येथील महोत्सवात या चित्रपटाला ग्रां प्री मिळाले हे सांगावयाचे म्हणून सांगतो. त्यात प्रेमकथाही आहे, आणि मधला काही भाग रेंगाळतो. ज्याला पाच मिनिटांला एकदा दचकावयाचे आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये.

कोणी म्हणेल, इतके लांब कशाला जाता? जवळही या. २०१८ चा 'तुंबाड' हिंदीत असला तरी हाडामासाने मराठी आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, म्हणजे 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचे चिरंजीव. नावाने पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण होते, पण गोष्ट निराळी, आणि तिचे बीज नारायण धारपांच्या एका कथेत आहे. काही चित्रीकरण तर आपल्या शेजारच्या सासवडला झाले. चित्रपट पुरा होण्यास वर्षे लागली. आला तेव्हा थोड्यांनीच पाहिला. आणि २०२४ साली पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा अधिक गल्ला जमला. त्यातल्या हस्तरला आमचा प्रश्न विचारून पाहा. त्याच्यापाशी सोने अमाप आहे. त्याला हवी आहे कणीक! पोटाला अन्न मिळालेले नाही, म्हणून कणकेची बाहुली दिसली की तो धावतो. तेवढ्यात माणूस त्याच्या लंगोटीतल्या मोहरा काढून घेतो, आणि हा धंदा बाप मुलाला शिकवितो. यात भूत कोणते, हे आम्हांला तिसऱ्यांदा पाहतानाही नक्की ठरविता आले नाही.

'लपाछपी' हा २०१७ चा विशाल फुरिया यांचा मराठी चित्रपट तुमच्या माझ्या आणखी जवळचा. एक गरोदर बाई नवऱ्याबरोबर उसाच्या फडात दडलेल्या घरात येऊन राहते. तुम्ही म्हणाल, उसाचे आम्हांला काय भय दाखविता? खरे आहे. भीमा आणि मुळा-मुठेच्या या बेचक्यात रात्रीच्या विजेवर दारे धरणाऱ्याला बिबट्या ठाऊक आहे. पण त्या उसातल्या भयाची मागणी ऐका: ती जन्मू न दिलेल्या, जन्मताच मारलेल्या मुलींची आहे. बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली भरल्या. तोडणीच्या टोळ्या आपल्याकडे तेथूनही येतात. त्याच जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ऊसतोड बायांची पाहणी केली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. कामाचा खाडा पडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, हेही त्यामागे होते. चित्रपट शेवटाकडे थोडा गडबडतो, सूडाचे प्रमाण सुटते. तरी आमच्या माहितीतल्या एका टोळीने कोपीसमोर बसून तो मोबाईलवर पाहिला, आणि बाया उठून गेल्या नाहीत.

आता न पाहण्याजोगे. ज्यात आवाज एकदम मोठा करून दचकवितात ते पाहू नका. तसे दचकावयाचे असेल तर रस्त्यावरचे ट्रकचे भोंगे पुरेत. ज्यात माणसाचे तुकडे करण्यापलीकडे काही नाही, तेही नको. आणि ज्यात गावाबाहेर राहणारी एखादी म्हातारी, विधवा, आदिवासी बाई हीच चेटकीण ठरते आणि गाव मिळून तिला मारते, तो चित्रपट मग देशी असो की परदेशी, तेथल्या तेथे बंद करा. डाकीण ठरवून बायांना मारण्याचे प्रकार आपल्याच राज्यात घडले आहेत.

याच जागी आमचे अंधश्रद्धा निर्मूलनवाले मित्र विचारतात, मग भयपट पाहाच कशाला? त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तेव्हा आम्ही पुलावर गेलो होतो. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यासाठी त्यांनी किती वर्षे झिजविली हे आम्ही पाहिले आहे. पण चित्रपटातले भूत आणि भगताने अंगात आणलेले भूत यांत आम्ही फरक करतो. भगत भूत उतरविण्याचे पैसे घेतो आणि गप्प बसवितो. 'अटलांटिक्स'मध्ये भूत कोणी उतरवीत नाही. त्याचे देणे द्यावे लागते. लहान मुलांना मात्र यांतले काहीही दाखवू नका. ओढ्यापाशी सामरी पाहिलेला माणूस हे सांगतो आहे.

आणखी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. इराणी आहे, कोरियन आहे. पण साडेनऊ झाले, आणि समोर बसलेल्यांपैकी काहींची वीज दहाला यावयाची आहे. त्यांनी आता उठावे. बॅटरी घ्या, आणि फडात एकट्याने जाऊ नका.