जीवदया आणि कासवाची ओळख



विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथ यांचे लांछन कूर्म, म्हणजेच कासव होय. पैठणच्या मुनिसुव्रतनाथ क्षेत्राची यात्रा मराठवाड्यातील अनेक कुटुंबांनी केलेली असते, त्यामुळे हे चिन्ह घराघरांतील बालकांसही ठाऊक असते. श्वेतांबर आगमांपैकी ज्ञाताधर्मकथेच्या चौथ्या अध्ययनातही दोन कासवांची कथा येते. एकाने आपले अवयव आवरून धरले व ते वाचले. दुसऱ्याने उतावीळपणे एकेक पाय बाहेर काढला व ते कोल्ह्यांचे भक्ष्य झाले. कासव हे इंद्रियसंयमाचे प्रतीक म्हणून समाजास शतकानुशतके परिचित आहे. परंतु प्रतीक परिचित असणे निराळे आणि उन्हाळ्यात दाराशी आणलेला जिवंत प्राणी ओळखता येणे निराळे.

हिंगोली जिल्ह्यातून कयाधू वाहते, पूर्णा व पैनगंगा याही या जिल्ह्याच्याच नद्या. तिन्हींचे पाणी अखेर गोदावरीस मिळते. या नद्या, त्यांवरील सिद्धेश्वर व इसापूरसारखे जलाशय, गावतळी आणि जुन्या विहिरी हे कासवांचे घर आहे. उन्हाळ्यात तळ्यातील गाळ उपसताना यंत्राच्या फावड्यात एखादे कासव येते. मृगाच्या पावसात एखादे रस्ता ओलांडताना वाहनाखाली सापडता सापडता वाचते. कुणी दयाळू गृहस्थ ते उचलून घरी आणतो, हौदात सोडतो, पोळीचा तुकडा टाकतो आणि पुण्य घडल्याचे समाधान मानतो. पुष्कळदा ते कासव थोड्याच दिवसांत मरते. दयेत उणीव नव्हती, उणीव होती ती ओळखीत.

कापडाच्या पेढीवर जाणते गिऱ्हाईक रंगास भुलत नाही. आधी अंगठा व बोट यांमध्ये पोत चोळून पाहते, मग किनार पाहते, शंका आली तर सूत उकलते. कासवाच्या बाबतीतही तेच करावे. रंग शेवटी पाहावा, पाय आधी पाहावेत.

पाय हत्तीच्या पायासारखे खांबवजा, बोटांमध्ये पडदा नाही, पाठ घुमटासारखी उंच व कठीण, आणि प्रत्येक खवल्यावर पिवळ्या ठिपक्यापासून निघालेल्या पिवळ्या रेषा असतील, तर ते तारांकित कासव, ज्यास सर्वत्र स्टार कासव म्हणतात. हा कोरड्या, खुरट्या माळरानाचा प्राणी आहे. यास पोहता येत नाही. हौदात सोडले तर ते बुडते. हे एवढे एक वाक्य ध्यानात राहिले तरी काही जीव वाचतील. याचा आहार गवत, पाला व रानफुले असा आहे. दूध, दही, पोळी, भात हे त्याचे अन्न नव्हे. तशा अन्नाने आणि उन्हाच्या अभावाने पाठ वेडीवाकडी वाढते, हाडे मऊ पडतात. या कासवाचे नैसर्गिक प्रदेश म्हणजे एकीकडे गुजरात-राजस्थानकडील कोरडा भाग आणि दुसरीकडे आंध्र, कर्नाटक व तामिळनाडू. हिंगोलीतील एखाद्या घरात ते दिसले तर बहुधा ते कुणीतरी विकत आणलेले असते.

पाठ चपटी, गुळगुळीत, खवले नसलेली व वरून कातडे ताणल्यासारखी दिसत असेल, नाक लहानशा सोंडेसारखे पुढे आलेले असेल, बोटांमध्ये पडदे आणि प्रत्येक पायास तीनच नखे असतील, तर ते मऊ पाठीचे कासव. उलटे न करता किंचित उचलून पाहिले असता मागील पायांजवळ पोटाच्या कवचास दोन झडपा दिसतात. पाय आत ओढले की त्या झडपा वर येऊन मिटतात. गाळात निघणारे कासव बहुतेक हेच असते. पाणी आटले की ते चिखलात स्वतःस गाडून घेते व पावसाची वाट पाहत महिनोन्‌महिने निश्चल राहते. निश्चल म्हणजे मृत नव्हे.

झडपेचीच गोष्ट निघाली म्हणून सांगावयाचे. आफ्रिकेच्या पश्चिम व मध्य भागातील दाट अरण्यांत एक कासव असते, ज्याच्या पाठीच्या मागील भागास बिजागरी असते. धोका दिसला की पाठीचा तेवढा तुकडा दारासारखा खाली झुकून मागचे पाय झाकले जातात. दिसावयास ते जमिनीवरील कासव, पण त्याची राहणी स्टार कासवाच्या अगदी उलट. त्यास ओल, सावली व सडका पालापाचोळा लागतो. ते कवके खाते, गळलेली फळे खाते, किडेही खाते. माळरानातील कासवाप्रमाणे त्यास कोरड्यात ठेवले तर ते टिकत नाही. विदेशी प्राणी पाळण्याची हौस असणाऱ्यांनी हे उदाहरण मनात ठेवावे, कारण पेटीवर लिहिलेले नाव आणि आतला प्राणी यांचा मेळ असतोच असे नाही.

तिसरे, तलम हिरवे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले पिल्लू बाजारात काचेच्या भांड्यात विकले जाते. ते अमेरिकेचे. लहानपणी तळहातावर मावणारे हे कासव वाढून मोठ्या ताटाएवढे होते, मग भांडे पुरत नाही, आणि एके दिवशी ते भूतदयेच्या नावाखाली तळ्यात सोडले जाते. तेथे ते स्थानिक कासवांचे अन्न व उन्हाची जागा बळकावते. एका जिवाची सुटका अनेक जिवांवर बेतते.

आता एका नाजूक विषयास हात घालणे प्राप्त आहे. मऊ पाठीचे कासव शाकाहारी नाही. पाणवनस्पतींबरोबरच गोगलगायी, बेडूक, मासे व मेलेले प्राणी हे त्याचे नैसर्गिक अन्न होय, आणि त्यामुळेच तळ्याचे पाणी स्वच्छ राहण्यास मदत होते. श्रावकाच्या घरात हे अन्न मिळणार नाही, मिळूही नये. मग पालक-कोथिंबिरीवर ते जगवण्याचा प्रयत्न होतो. व्रत श्रावकाने घेतलेले आहे, कासवाने नव्हे. म्हणून जैन घराने ते ठेवून न घेता लवकरात लवकर योग्य हाती सोपवावे, यातच दोघांचाही धर्म राहतो.

दुसरी गोष्ट पर्युषणाच्या काळातील. विक्रेत्याकडून कासव विकत घेऊन सोडून देणे हे अनेकांस पुण्यकर्म वाटते. व्यापाराचा नियम मात्र भावनेकडे पाहत नाही. ज्या मालास गिऱ्हाईक मिळाले, तो माल दुसऱ्या आठवड्यात दुप्पट येतो. पैसे देऊन सोडविलेल्या एका कासवामागे दोन नवी पकडली जातात. अशा वेळी पाकीट न काढता वन विभागास कळविणे हेच खरे अभयदान होय. घरात शुभ म्हणून ठेवावयाचेच असेल तर पितळेचे कासव उत्तम. त्यास भूक लागत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून स्टार कासव पहिल्या अनुसूचीत आहे. मऊ पाठीचे कासव तर पूर्वीपासूनच तेथे होते. २०१९ साली स्टार कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही पूर्णतः निषिद्ध झाला. सापडलेला वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता ठरते आणि अठ्ठेचाळीस तासांच्या आत त्याची खबर द्यावी लागते. पांजरपोळ ही गुराढोरांसाठीची थोर संस्था आहे, परंतु तेथेही कासव ठेवण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होत नाही.

मदत येईपर्यंत करावयाचे फार थोडे आहे. हवेसाठी भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके घ्यावे व ते सावलीत, शांत जागी ठेवावे. स्टार कासवास कोरडे पुरते. मऊ पाठीच्या कासवाखाली व वर ओले सुती कापड घालावे. मांजरपाट सर्वांत चांगला, मात्र कोरा असेल तर आधी खळ धुऊन काढावी. पॉलिस्टर पाणी धरत नाही. पाय वा शेपूट धरून उचलू नये, दोन्ही बाजूंनी पाठ धरावी. मऊ पाठीच्या कासवाची मान लांब असते व ते कडकडून चावते, म्हणून हात मागील बाजूस असावेत. पाठ फुटली असेल तर हळद, तेल, गोंद काहीही लावू नये. ती पाठ म्हणजे निर्जीव टरफल नव्हे. कणा व बरगड्या तिच्यातच जुळलेल्या असतात, तीत रक्त वाहते, तीस वेदना होते. याच कारणाने पाठीस भोक पाडून दोरी बांधणे किंवा तीवर रंगाने नाव लिहिणे ही क्रूरता आहे. जखमेवर स्वच्छ पट्टी सैल ठेवावी. काही खाऊ घालू नये. नंतर साबणाने हात धुवावेत, विशेषतः मुलांचे.

वन विभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे. त्यावर कळविल्यानंतर एक कागद घ्यावा व कासव कोणत्या गावाच्या शिवारात, नदीच्या वा तळ्याच्या कोणत्या काठी, किती वाजता सापडले, हे त्यावर स्वच्छ अक्षरात लिहून तो खोक्यावर चिकटवावा. बरे झालेले कासव पुन्हा त्याच पाण्यात सोडावयाचे असते, आणि ते पाणी कोणते हे त्या कागदावाचून कुणासही सांगता येत नाही.