‘अॅटेन्युएटेड’ : दुर्बल, पण मेलेला नव्हे

इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द देताना कोशातला पहिला अर्थ उचलला की काम झाले, असे आपल्याला वाटते. ‘अॅटेन्युएटेड’ या शब्दापाशी मात्र जरा थांबावे लागते. लशीच्या माहितीपत्रकावर तो हमखास भेटतो. कोश सांगतो : दुर्बल, क्षीण. अर्थ बरोबर आहे. पण तेवढ्याने भागत नाही.

शब्दाचे मूळ पाहा. लॅटिन भाषेत ‘टेनुइस’ म्हणजे बारीक, पातळ. संस्कृतातला ‘तनु’ हा त्याचाच भाऊबंद. आजारी माणसाला आपण थकला, खंगला, रोडावला असे म्हणतो. त्यांतला ‘रोडावला’ हा या शब्दाच्या अधिक जवळचा. रेडिओचे अभियंतेसुद्धा हा शब्द वापरतात. लांबलचक तारेतून जाता जाता संदेश क्षीण होतो, त्याला ते ‘अॅटेन्युएशन’ म्हणतात. संदेश बारीक झाला. नाहीसा झाला नाही. नेमकी हीच गोष्ट ध्यानात ठेवायची.

वैद्यकात या शब्दाला मान मिळाला तो लुई पाश्चरमुळे. १८७९-८० साली कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जुने झालेले जंतू त्याने कोंबड्यांना टोचले. कोंबड्या जराशा आजारल्या नि सावरल्या. पुढे जहाल जंतू टोचले, तरी त्या तगल्या! नंतर काल्मेत आणि गेरँ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईच्या क्षयाचा जंतू १९०८ पासून तेरा वर्षे, एकूण २३० वेळा, बटाट्याच्या फोडींवर पुन्हा पुन्हा वाढवला. त्यात पित्त घातलेले असे. जंतूची धार बोथट झाली, आणि १९२१ मध्ये बी. सी. जी. लस माणसाला प्रथम दिली गेली.

आता दुसरी तऱ्हा पाहा. १८९७ मध्ये मुंबईत हाफकिनने प्लेगची लस केली, तीत उष्णतेने मारलेले जंतू होते. ते ‘अॅटेन्युएटेड’ नव्हेत. पोलिओचेही तसेच. तोंडात घालायच्या थेंबांत दुर्बल केलेला, पण जिवंत विषाणू असतो. टोचायच्या लशीत मारलेला.

मग एवढा काथ्याकूट कशाला, असे कुणी म्हणेल. कारण व्यवहारातले आहे. दुर्बल जंतू शरीरात थोडाफार वाढतो, म्हणूनच शरीराला चांगला धडा देतो. पण ज्याची प्रतिकारशक्तीच फार खालावली आहे, त्याला अशी जिवंत लस सहसा देत नाहीत. गरोदर बाईलाही नाही. माहितीपत्रकात कुणी ‘मेलेले जंतू’ असे भाषांतर केले, तर घरची माणसे निर्धास्त होतील आणि डॉक्टरांना सांगायची गोष्ट सांगायची राहून जाईल.

म्हणून ‘दुर्बल केलेले जिवंत जंतू’ असे चार शब्द लिहावेत. एका शब्दाची काटकसर इथे परवडणारी नाही.