थोडे थोडे काम, पण आपले
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी कोणी विदुषी नव्हे. मोडलेली घडी पुन्हा कशी बसवली, एवढेच सांगायला उभी आहे.

लग्नाआधी मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत असे. धाकटीच्या वेळी नोकरी सोडली, ती नऊ वर्षे सुटली. नंतर दोन मुलाखती दिल्या. ‘मधली नऊ वर्षे काय केलेत?’ असे दोन्हीकडे विचारले. ‘संसार केला’ म्हणायला जीभ रेटली नाही.

मग ओळखीच्या एका वाणीदादांचे लहानसे काम घेतले. उधारीच्या याद्या जुळवणारा पायथनचा प्रोग्रॅम हवा होता. धाकटी शाळेत असताना दुपारी बसायचे. अंदाज दिला दहा तासांचा, लागले सव्वीस. कारण एकच गिऱ्हाईक तीन तऱ्हांनी लिहिलेले! पैसे मात्र दहाचेच मिळाले. त्यातच एका नावाच्या दोघांची उधारी एकत्र झाली. रात्रभर झोप नाही. सकाळी स्वतः जाऊन चूक सांगितली, दुरुस्त केली. वाणीदादा म्हणाले, “ताई, तुम्हीच सांगितलंत, म्हणून पुढचं कामही तुमच्याकडेच.”

तेव्हापासून तीन नेम पाळते. काय करणार, काय नाही, पैसे केव्हा, हे आधी लिहून घ्यायचे. मूळ फायलीला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करायचे. आणि आपला अंदाज दुप्पट धरायचा.

ही वाट नवी नाही. इंग्लंडात स्टेफनी शर्ली या बाईंनी 1962 साली अवघ्या सहा पौंडांवर कंपनी काढली आणि मुलाबाळांमुळे घरी बसलेल्या प्रोग्रॅमर स्त्रियांना घरबसल्या काम दिले. बाईचे नाव पाहून पत्रांना उत्तर येईना, म्हणून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करीत. काँकर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचे प्रोग्रॅमही त्यांच्या स्त्रियांनी लिहिले. 2025 साली त्या निवर्तल्या.

आज माझ्याकडे तीन ठिकाणचे काम आहे, आठवड्याला बारा तास. पगाराएवढी मिळकत नाही. पण आता ‘काय करता?’ असे कोणी विचारले, तर मान खाली जात नाही. आणि ती नऊ वर्षेही मी आता लपवीत नाही.

आपल्यापैकी कोणाचे शिकलेले काम असेच पेटीत पडले असेल, तर शनिवारी दुपारी माझ्याकडे या. चहा माझा, पहिले छोटे काम दोघी मिळून शोधू.